तासाला ३० सेंट

जून १९०१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ली टेलर हे यंत्रकारागीर नव्या नोकरीवर रुजू झाले. आधीच्या ठिकाणी त्यांना तासाला २५ सेंट मिळत. कुशल कारागिराचा तिथला दर साधारण तेवढाच होता. नव्या मालकांनी ३० सेंट देऊ केले, म्हणजे ६० तासांच्या आठवड्याला १८ डॉलर. हे मालक म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. दुकान सायकलींचे.

राइट बंधूंनी १८९२ मध्ये या धंद्यात पाऊल टाकले, तेव्हा सायकलीचे वेड वाढत होते. चांगली सायकल १०० डॉलरना विकली जाई. टेलर यांच्या पगाराने ती साडेपाच आठवड्यांची कमाई. नफा दिसताच शेकडो उत्पादक उभे राहिले, माल तुंबला आणि १८९७ च्या सुमारास किमती कोसळल्या. चाळीसहून अधिक उत्पादकांनी १८९९ मध्ये एकत्र येऊन काढलेली बलाढ्य कंपनीही तीन वर्षांत डबघाईला आली. लहान दुकानदार तगला तो दुरुस्तीवर आणि हिवाळ्यात हाताने घडवलेल्या मोजक्या सायकलींवर.

याच तुटपुंज्या मिळकतीतून राइट बंधूंचे उड्डाणाचे प्रयोग चालत. ते किटी हॉकच्या वाळूत ग्लायडर उडवत, तेव्हा दुकान टेलर सांभाळत. (प्रतिस्पर्धी सॅम्युएल लँग्ली यांना युद्ध खात्याने ५०,००० डॉलर दिले होते!)

पुढे विमानासाठी हलके इंजिन कोणी बनवून देईना, तेव्हा ते काम टेलर यांच्याकडे आले. हाताशी होते एक लेथ आणि एक ड्रिल मशीन. पोलादाच्या जाड पाटावर त्यांनी क्रँकशाफ्टची आकृती आखली, कडेने भोके पाडली, छिन्नी-हातोड्याने नको तो भाग उडवला आणि उरलेला तुकडा लेथवर घासून नेमक्या मापात आणला. सहा आठवड्यांत इंजिन तयार झाले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच इंजिनाच्या जोरावर विमान उडाले; त्याचे पंखे फिरवणाऱ्या साखळ्याही सायकलीच्या धर्तीच्याच होत्या.

पाच सेंट जादा देऊन राइट बंधूंनी केलेला हा सौदा फार स्वस्तात पडला, असेच म्हणावे लागते. ते अप्रामाणिक नव्हते. ऑर्व्हिल यांनी मृत्युपत्रात टेलर यांच्यासाठी वर्षाला ८०० डॉलर ठेवले. आठवड्याला सुमारे १५ डॉलर, १९०१ च्या पगाराहूनही कमी! १९५५ मध्ये वृद्ध टेलर लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातील धर्मादाय कक्षात आढळले. विमान उद्योगातील मंडळींनी वर्गणी काढून त्यांना खासगी शुश्रूषागृहात हलवले. तिथे ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.