‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे



पाठशाळेतून आलेली मुलं विचारतात, “आपल्यात सगळ्यालाच ‘कदाचित’ का म्हणतात?” याचं नीट उत्तर दिलं नाही, तर जैनांना ठाम काही सांगताच येत नाही असं ती धरून चालतील. आक्षेप जुनाच आहे. आदि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हेच विचारलं होतं: एकाच वस्तूत ‘आहे’ आणि ‘नाही’ एकदम कसं राहील?

‘स्यात्’चा अर्थ ‘एका अपेक्षेने’. आपल्या भिवंडीचंच बघा. मागावरून ताका उतरला की कारखानदार म्हणतो, माल तयार. कपडे शिवणारा म्हणतो, हे तर कोरं कापड, अजून रंगवायचंय, तयार नाही. दोघंही खरे, दोघंही ठाम. कदाचित कोणीच म्हणत नाही.

दोन्ही बाजू एकाच शब्दात, एकाच वेळी सांगता येत नाहीत, ते ‘अवक्तव्य’. आहे, नाही, अवक्तव्य: सुटे तीन, जोड्या तीन आणि तिन्ही मिळून एक. झाले सात भंग. आठवा निघतच नाही. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला हा हिशेब चटकन पटतो.

समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसेत हा विचार मांडला. मल्लिषेणसूरींनी तेराव्या शतकाच्या अखेरीस स्याद्वादमंजरी लिहिली. आनंदशंकर ध्रुव यांनी संपादित केलेली तिची आवृत्ती १९३३ मध्ये मुंबई संस्कृत आणि प्राकृत ग्रंथमालेत निघाली. पुढे महालनोबिस यांनी स्याद्वादाचं नातं संख्याशास्त्राशी जोडलं. १९५७ मध्ये शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी ‘सांख्य’ या नियतकालिकात दाखवलं, की जेमतेम जाणवेल अशी संवेदना पुन्हा पुन्हा देऊन विचारलं, तर माणसाची उत्तरं ‘आहे’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ अशी येतात, आणि त्यांची मिश्रणं सातच होतात. पुण्याचे प्रा. प्रदीप गोखले यांनीही १९९१ मध्ये स्याद्वादाच्या तार्किक रचनेवर लिहिलं.

१९६२ मध्ये फिनलंडच्या हिंटिक्का यांनी ‘जाणणं’ आणि ‘मानणं’ यांचं तर्कशास्त्र रचलं. जाणलेलं खरंच असतं, मानलेलं चुकू शकतं. तत्त्वार्थसूत्रातही मति, श्रुत आणि अवधि ही तीन ज्ञानं विपरीत होऊ शकतात असं सांगितलंय. मनःपर्यय आणि केवल होत नाहीत. आपल्याजवळ आहेत मति आणि श्रुत. म्हणून तर ‘स्यात्’ लावायचं.

तेव्हा मुलांना सांगा: ठाम बोला, फक्त कोणत्या अपेक्षेने बोलता तेही सांगा. घरात सासू-सून दोघी आपापल्या जागी बरोबर असतात, तेव्हाही हेच उपयोगी पडतं.