गायकाचे नाव आणि त्याचा मालक: मेहकरच्या ‘शीळ’पासून अधिकृत संकेतस्थळापर्यंत

लोकप्रिय गायकाची जनमानसातील प्रतिमा त्याच्या गळ्याइतकीच त्याचे नाव कोठे आणि कोणाच्या हुकमाने लिहिले जाते यावर अवलंबून असते. आज हे काम गायकाचे ‘अधिकृत’ संकेतस्थळ करते, म्हणजे त्याने किंवा त्याच्या व्यवस्थापकाने स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेऊन, छायाचित्रापासून परिचयापर्यंत सर्व मजकूर आपल्या संमतीने मांडलेली जागा. ही सोय नवी असली तरी तिच्यामागचा झगडा जुना आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर या तालुक्याच्या गावाशी जोडलेले आहे.

छापखाना आणि ध्वनिमुद्रण यांच्या आधी रचनेवर हक्क सांगण्याचा एकच भरवशाचा मार्ग होता: नाव रचनेतच गुंफणे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते त्या संत चोखोबांचे अभंग ‘चोखा म्हणे’ या नाममुद्रेने, म्हणजे अखेरच्या चरणात येणाऱ्या कवीच्या नावाने, ओळखले जातात. पुढे शाहिरांनीही हीच रीत चालवली. या व्यवस्थेत गाणारा बदलला तरी चालत असे, कारण कोणत्याही गावच्या कोणत्याही भजनी मंडळाने अभंग उचलला तरी नाव उच्चारले जाई ते कर्त्याचेच. मंदिराच्या पायरीशीच ज्याला थांबवले गेले त्या माणसाचे नाव त्याच मंदिरासमोर सातत्याने गायले गेले, हे या नाममुद्रेचे सामर्थ्य कमी लेखता येणार नाही.

ग्रामोफोनने ही व्यवस्था उलटी केली. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच गायिकेने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगण्याची प्रथा रूढ झाली. ध्वनिमुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असल्याने तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, इतकाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. परंतु श्रोत्यांच्या कानी मात्र कवीच्या नाममुद्रेच्या जागी गायिकेचे नाव पडू लागले. गौहर जान यांचे चित्र पुढे ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवरही झळकले, आणि गायिकेचा चेहरा हा गाण्यापासून सुटा विकता येणारा माल असतो, हे व्यापाऱ्यांनी फार लवकर ओळखले असे म्हणावे लागते.

तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद, ज्याला सर्रास ‘लेबल’ म्हणतात, हा त्या काळचा खरा परिचयपट होता. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह सर्वांत ठळक असे; ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा कित्येक घरांत गायकापेक्षा अधिक ओळखीचा होता. त्याखाली येणाऱ्या गायकाच्या नावाला जोडलेली उपाधी त्याचे सामाजिक स्थान सांगून जाई: ‘जान’ किंवा ‘बाई’ म्हटले की कोठी आणि मैफल, ‘बुवा’ किंवा ‘खाँसाहेब’ म्हटले की घराणे, ‘मास्टर’ म्हटले की रंगभूमी. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेला साध्या वेशात, तिकीट लावून, प्रतिष्ठित श्रोत्यांपुढे जाहीर मैफली करून याच उपाधींचा अर्थ पालटावा लागला.

या पार्श्वभूमीवर 1932 साली निघालेली ‘शीळ’ ही ध्वनिमुद्रिका पाहिली पाहिजे. कविता होती ना. घ. देशपांडे यांची, आणि चाल व गळा होता जी. एन. जोशी यांचा. मराठी भावगीताच्या, म्हणजे नाटकाच्या प्रसंगाशी न बांधलेल्या आणि एकाच भावनेवर उभ्या असलेल्या स्वतंत्र गीताच्या ध्वनिमुद्रित इतिहासाचा आरंभ सामान्यतः याच गीतापासून धरला जातो. 1925 नंतर कर्ण्याऐवजी विजेवर चालणारा मायक्रोफोन आल्याने हळू, जवळून बोलल्यासारखे गाणे मुद्रित करणे शक्य झाले होते. कर्ण्यापुढे ओरडून गाण्याच्या काळात रानातून येणारी शीळ ऐकवणे कठीणच गेले असते. शिवाय गायकाचे नाव पाहावे: बुवा नाही, मास्टर नाही, कोणत्या घराण्याचा शिक्का नाही, तर कचेरीतल्या पाटीवर शोभावीत अशी दोन इंग्रजी आद्याक्षरे. शिकलेल्या, पांढरपेशा घरातील तरुण केवळ हौसेने नव्हे तर लोकांसमोर गातो आणि तरीही ‘गवई’ ठरत नाही, ही नवी प्रतिमा त्या दोन अक्षरांत सामावली होती.

कवी मात्र मेहकरलाच राहिले. 1909 साली जन्मलेले देशपांडे पैनगंगेकाठच्या या गावात वकिली करीत, आणि पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून त्यांचे अंतर केवळ मैलांचे नव्हते. ‘शीळ’ याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो 1954 मध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रिकेनंतर तब्बल बावीस वर्षांनी. तोपर्यंत ही कविता असंख्य लोकांना पाठ होती, पण ती ‘जोशींचे गाणे’ म्हणून. त्यानंतर 1963 मध्ये ‘अभिसार’ आला, आणि ‘खूणगाठी’ या संग्रहाला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवीच्या वयाची पंचाहत्तरी उलटून गेली होती. या उशिराचे खापर जोशींवर फोडणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी कविता निवडली नसती तर ती मासिकांच्या जुन्या अंकांत पडून राहिली असती. दोष असेलच तर तो बाजाराच्या रचनेचा होता, कारण दुकानदाराच्या सूचीपत्रकात माल गायकाच्या नावाखाली लागे आणि गिऱ्हाईकही त्याच नावाने मागणी करी.

1938 मध्ये जोशी स्वतः ग्रामोफोन कंपनीच्या सेवेत गेले आणि स्वतःची प्रतिमा घडवून घेण्याऐवजी दुसऱ्यांच्या प्रतिमा घडवू लागले. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही गाजलेली तबकडी त्यांच्याच निर्मितीतली; काश्मीरमधील मेंढपाळाच्या एका दिवसाची कथा तिला जोडल्याने संतूर, गिटार आणि बासरी ही वाद्ये श्रोत्याच्या मनात एका निसर्गचित्रासह घर करून बसली. कंपनीच्या हाती गायकाचे नाव पुसण्याचीही सत्ता होती, हे मात्र विसरता कामा नये. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या आरंभीच्या तबकड्यांवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापलेले होते.

कॅसेटच्या काळाने या सत्तेला तडे पाडले. कॅसेट स्वस्तात निघत असल्याने भीमगीते, भजने आणि लोकगीते गाणाऱ्या स्थानिक गायकांनाही वेष्टनावर स्वतःचे छायाचित्र छापून घेता आले, आणि जयंती-यात्रांच्या भित्तिपत्रकांवर ‘सुप्रसिद्ध गायक’ या बिरुदासह ‘आणि पार्टी’ ही जोड व खाली संपर्काचा पत्ता येऊ लागला. बिरुद स्वतःच लावायचे आणि सुपारीही स्वतःच ठरवायची, या दोन गोष्टी तिथे प्रथम एकत्र आल्या. अधिकृत संकेतस्थळाचा आराखडा पाहिला तर तो या भित्तिपत्रकाहून फारसा वेगळा नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. पाश्चात्त्य देशांत डेव्हिड बोवी या गायकाने 1998 मध्ये ‘बोवीनेट’ नावाची सशुल्क सेवा काढून चाहत्यांना चक्क आपल्या नावाचा ईमेल पत्ता दिला. चाहत्याने आपल्या नावापुढे गायकाचे नाव लावावे, इतकी जवळीक लेबलाला कधी साधली नव्हती. आपल्याकडील गायकांच्या संकेतस्थळांवर सहसा तृतीय पुरुषात लिहिलेला परिचय, पुरस्कारांची यादी, निवडक छायाचित्रे आणि कार्यक्रमांसाठी संपर्क असा क्रम असतो. परिचय गायकाच्याच संमतीने लिहिलेला असूनही तो तिऱ्हाइताने लिहिल्यासारखा भासवला जातो, आणि त्यात अपयशी वर्षे सहसा आढळत नाहीत. गीतकारांची नावे तर त्याहूनही क्वचित दिसतात. या बाबतीत रसिकांनी चालवलेले ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ अधिक न्यायी म्हटले पाहिजे, कारण तिथे गीत, संगीत आणि स्वर ही तिन्ही नावे शब्दांखाली शेजारी शेजारी येतात.

कायद्याचा हिशेब मात्र लोकप्रियतेच्या हिशेबाहून निराळा निघतो. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, तर साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. त्यामुळे 1932 च्या मूळ ध्वनिमुद्रणावरील कंपनीची मालकी केव्हाच संपली आहे, आणि ना. घ. देशपांडे यांचे निधन 2000 साली झाल्याने मेहकरच्या वकिलाने लिहिलेल्या शब्दांवरील हक्क 2060 च्या अखेरपर्यंत चालू राहणार आहे.