सकोटॅश : मका-घेवड्याच्या हंडीची गोष्ट

आज अमेरिकेतल्या एका जुन्या पदार्थाची गोष्ट सांगते. त्याचं नाव सकोटॅश. मक्याचे दाणे आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवायचे. नाव अवघड, पण रीत आपल्या उसळीच्या जवळची.

हा शब्द अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांचा. अर्थ, उकडलेले मक्याचे दाणे. रॉजर विल्यम्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १६४३ साली त्यांच्या भाषेवरच्या पुस्तकात तो नोंदवला.

तिकडे पेरणी, खुरपणी, काढणी आणि बियाणं राखणं ही बहुतेक कामं बायकांची. मका, घेवडा आणि भोपळा त्या एकाच आळ्यात लावत. शेजारचे हौडेनोसौनी लोक त्यांना 'तीन बहिणी' म्हणतात. मका वेलाला आधार देतो, घेवडा जमिनीत नत्र धरतो, भोपळ्याची पानं ओल टिकवतात. आपणही ज्वारीत तुरीच्या ओळी घेतो, त्यातलंच हे शहाणपण. ताटातही तसंच: मक्यातल्या प्रथिनांची उणीव घेवडा भरून काढतो.

शिजवायच्या रीती अनेक. उन्हाळ्यात ओले दाणे. हिवाळ्यात वाळवलेले दाणे भिजवून, जोडीला मासे किंवा शिकारीचं मांस. पुढे इंग्रज वसाहतवाल्यांनी हा पदार्थ आपलासा केला. प्लिमथ गावात १७६९ साली पूर्वजांच्या स्मरणार्थ जेवण झालं, त्यात सकोटॅश होतं. तिथल्या हंडीत खारवलेलं गोमांस, कोंबडी, बटाटे, सलगमही पडू लागलं. दक्षिणेत भेंडी, टोमॅटो आणि डुकराची चरबी आली. १९३० च्या मंदीत स्वस्त आणि पोटभरीचं म्हणून गरीब घरांत ते पुन्हा रांधलं जाऊ लागलं.

पण एक गोष्ट मागे राहिली. मूळच्या बायका वाळलेला मका चुलीच्या राखेच्या पाण्यात उकळून त्याची साल काढत. त्यामुळे मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. नव्या लोकांनी मका घेतला, राख बहुतेक ठिकाणी सोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या ज्या गरिबांच्या ताटात मक्याच्या पिठाशिवाय फारसं काही नसे, त्यांना पेलाग्रा झाला. कातडी सोलली, जुलाब लागले, डोकं भ्रमलं. हजारो माणसं दगावली. हा रोग संसर्गाचा नसून निकस आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं.

चूल-राखेचं ज्ञान कुणी ज्ञान म्हणून मोजलंच नव्हतं. म्हणून बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत वहीत फक्त हप्ते लिहू नका. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, कडधान्य राखेत का ठेवायचं, वाल मोड आणून का सोलायचे. पाककृतीबरोबर तिचं कारणही लिहून ठेवा. कारण सुटलं, की पदार्थ उरतो आणि गुण जातो.