रक्तवाढीच्या गोळ्या : दुष्परिणाम आणि सुरक्षितता

रक्तवाढीच्या गोळ्या म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी दिली जाणारी लोह व फॉलिक अॅसिडची गोळी. भारतात हे खनिज-पूरक अनेक घरांत पोचले आहे. 1970 पासून सरकार ही गोळी वाटते. 2018 च्या ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेनुसार गर्भवतीला लाल गोळी (60 मिलिग्रॅम लोह) चौथ्या महिन्यापासून रोज 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस मिळते. किशोरवयीनांना आठवड्यातून एक निळी, तर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना 45 मिलिग्रॅमची गुलाबी गोळी दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तेव्हा गोळीची गरज वादातीत आहे.

नेहमीचे त्रास म्हणजे मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठ, कधी जुलाब. शौचाला काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे, आणि ते निरुपद्रवी असते. हे आधी सांगितलेले नसले की बाई घाबरते आणि गोळ्या डब्यात पडून राहतात. सांगण्यातली ही चूक औषधाच्या दोषापेक्षा जास्त नुकसान करते. डांबरासारखी चिकट, दुर्गंधी शौच किंवा ताजे रक्त दिसल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.

ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईत गोवंडीच्या बैंगणवाडीतील पालिका शाळेत लोहगोळ्या वाटल्यानंतर एका 12 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. मळमळ-चक्करीच्या तक्रारींनी शेकड्यावर मुले रुग्णालयांत नेली गेली. प्राथमिक शवविच्छेदनात मृत्यूचे कारण म्हणून क्षयरोग पुढे आला, पण तोवर भीती घराघरांत शिरली होती. गोळी उपाशीपोटी देऊ नये, हा नियम शाळेत काटेकोर पाळायला हवा.

गोळी कशाबरोबर घेतली जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. उदाहरणार्थ, मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावर उत्तन, चौक आणि पाली ही मच्छीमारांची गावे आहेत. बोंबील वाळत घालणे हे इथले मोठे काम. मासळीतले लोह सहज शोषले जाते, शिवाय ती डाळ-भाजीतले लोह शोषायलाही मदत करते. अख्खा खाल्ला जाणारा सुका जवळा कॅल्शियमही देतो. मासळीच्या कामाचा दिवस पहाटे सुरू होतो, आणि अशा वेळी चहाबरोबर गोळी घेतली तर चहातील टॅनिन लोह अडवते. गोळी आणि चहा यांत तासाभराचे अंतर हवे. लिंबू, आवळा किंवा पेरू बरोबर असेल तर उत्तम.

कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीही नको. निदान दोन तास मध्ये जाऊ द्यावेत. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तास. इतर खनिजांबाबतही जपावे. जुलाबात मुलांना 14 दिवस जस्त देतात ते योग्यच. मोठ्यांनी मनाने महिनोन्‌महिने जस्त घेतल्यास शरीरातील तांबे घटते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम विचारल्याशिवाय घेऊ नये. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांत वारंवार रक्त दिल्याने लोह आधीच साठते, म्हणून त्यांना लोहगोळी देत नाहीत.

खरा धोका लहान मुलांना आहे. लाल, गोड आवरणाची गोळी त्यांना चॉकलेट वाटते. वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक लोह पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात, 60 च्या पुढे जिवावर बेतते. म्हणजे 10 किलोच्या बाळाला दहा लाल गोळ्या. आधी उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात. मग काही तास मूल बरे झाल्यासारखे दिसते, आणि इथेच घरचे फसतात, कारण नंतर रक्तदाब कोसळतो व यकृत निकामी होऊ लागते. इतर विषबाधांत देतात तो कोळसा लोहाला धरत नाही. डेफेरॉक्सामिन हे इंजेक्शन रुग्णालयातच मिळते. मूल हसत-खेळत असले तरी लगेच निघावे, आणि रिकामे पाकीट सोबत न्यावे. त्यावरून किती लोह पोटात गेले हे डॉक्टरांना मोजता येते.