विजेची शिदोरी

प्रवासास निघणाऱ्याने आधी शिदोरी बांधावी आणि मग उंबरठा ओलांडावा, हा आपल्याकडील जुना रिवाज. वाटेत गावे लागणार असतील तर थोडी शिदोरीही पुरते. रान लागणार असेल तर मात्र ती जपून बांधावी लागते. मोटारीचा इतिहासही एका अर्थाने शिदोरीचाच इतिहास आहे. विजेवर चालणारी पिक-अप मालमोटार घेऊन, तिच्या मागच्या पेटीत तंबू, शेगडी आणि शीतपेटी भरून रानात मुक्कामास जाणाऱ्या आजच्या अमेरिकन हौशी माणसाला जी विवंचना असते, ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेत विजेची गाडी मुळीच मागे नव्हती. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेच्या होत्या, पेट्रोलच्या अवघ्या ९३६ आणि उरलेल्या वाफेच्या. विजेची गाडी धूर सोडीत नसे, खडखडाट करीत नसे आणि ती सुरू करण्यासाठी लोखंडी दांडा गरगर फिरवावा लागत नसे. पण शहराची वेस ओलांडली की तिचे हे सारे गुण फिके पडत. कारण तिची शिदोरी जड होती आणि ती पुन्हा भरून घेण्याची सोय गावाबाहेर नव्हती.

ही उणीव प्रत्यक्ष विजेच्या जादूगारानेच ओळखली होती. १८९६ साली हेन्री फोर्ड हे डेट्रॉइट येथील एडिसन वीज कंपनीत अभियंता होते. त्या वर्षी एका मेजवानीच्या प्रसंगी त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी गाठ पडली. विजेच्या गाडीला वीजघराच्या जवळपासच राहावे लागते. पेट्रोलची गाडी मात्र आपली शक्ती आपल्याबरोबर नेते, तेव्हा तिचाच पाठपुरावा करावा, असा सल्ला एडिसन यांनी दिल्याचे फोर्ड यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या सल्ल्याचे फळ म्हणजे १९०८ ची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’.

नवल असे की, सल्ला देणारे एडिसन स्वतः त्या वाटेने गेले नाहीत. हलकी व टिकाऊ बॅटरी निर्माण करण्यासाठी त्यांनी जवळजवळ दहा वर्षे वेचली. निकेल व लोखंड यांची त्यांची पहिली बॅटरी गळू लागली, तेव्हा १९०४ साली त्यांनी ती बाजारातून परत घेतली आणि पुन्हा प्रयोगास आरंभ केला. सुधारलेली बॅटरी टिकाऊ ठरली; पण थंडीत तिची शक्ती क्षीण होई. १९१४ साली फोर्ड व एडिसन यांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढण्याचा बेत जाहीर केला. फोर्ड यांची पत्नी क्लॅरा तर स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची गाडी चालवीत असे. परंतु काही प्रायोगिक गाड्यांपलीकडे तो बेत गेला नाही. दरम्यान १९१२ च्या ‘कॅडिलॅक’ गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसविला होता. दांडा फिरविण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीचा एक मोठा आधार विजेनेच काढून घेतला.

या कथेतील सर्वांत बोलके दृश्य मात्र रानातले आहे. एडिसन, फोर्ड, टायरचे कारखानदार हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र उन्हाळ्यात मोटारींचा तांडा घेऊन मुक्कामाला निघत. १९१८ साली ते ॲपलाचियन पर्वतराजीत गेले, तेव्हा बरोज ८१ वर्षांचे होते. तंबू वाहणाऱ्या मालमोटारी निराळ्या, स्वयंपाकाची गाडी निराळी. संध्याकाळ झाली की एडिसन यांच्या बॅटऱ्यांवर तंबूंतून विजेचे दिवे लागत. दिवे विजेचे, पण तेथवर आणणारी प्रत्येक गाडी पेट्रोलची! बॅटरीचा जनकही रानात पेट्रोलवरच पोहोचला. त्याला दुसरा इलाजही नव्हता. पुढे १९३५ च्या सुमारासही अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात कंपनीची वीज होती.

फोर्ड यांनी १९२५ साली ‘मॉडेल टी’ला मागे उघडी पेटी जोडून पिक-अप विकावयास काढली, किंमत २८१ डॉलर. शेतकऱ्याची ही गाडी कालांतराने हौशी प्रवाशाचीही झाली. आणि जवळजवळ शंभर वर्षांनी तिच्यात वीज परतली. २०२१ च्या सप्टेंबरात ‘रिव्हियन’ कंपनीची विजेची पिक-अप ग्राहकांच्या हाती पडली. सामानासाठी तिच्या पोटात आरपार बोगद्यासारखा कप्पा होता. २०२२ साली फोर्ड कंपनीची ‘लायटनिंग’ आली. तिची मोठी बॅटरी १३१ युनिटांची, वजनाने सुमारे ८०० किलो. सरकारी मोजणीप्रमाणे मजल सुमारे ५१५ किलोमीटरांची. शेगडी, दिवे, शीतपेटी यांना तिच्यातून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज घेता येई. एडिसन यांच्या बॅटऱ्यांचे काम आता गाडीच करू लागली.

तथापि एक महत्त्वाचा फरक येथे ध्यानी घेतला पाहिजे. त्या जुन्या मुक्कामात दिव्यांची शिदोरी वेगळी होती आणि वाटेची वेगळी. दिवे विझले तर फक्त अंधार होई; परतीची वाट अडत नसे. आता दोन्ही गोष्टी एकाच शिदोरीतून घ्यावयाच्या आहेत. हिशेब केला तर मुक्कामात खर्चिलेले प्रत्येक युनिट परतीच्या वाटेतून सुमारे चार किलोमीटर कमी करते. रात्रीचा स्वयंपाक व दिवे यांना तीन-चार युनिटे लागली तरी फारसे बिघडत नाही. खरा खर्च निराळाच असतो. मागे जोडलेले जड राहुटीचे वाहन मजल निम्म्यापर्यंत खाली आणू शकते; टपावर उभारलेला तंबू वारा अडवितो; आणि थंडी तर एडिसन यांच्या काळाप्रमाणे आजही आपला वाटा घेते. म्हणून अशी गाडी सजविताना काय काय घ्यावे, या प्रश्नाआधी काय घरी ठेवावे, हा प्रश्न येतो. वीज भरण्याचे शेवटचे ठिकाण मुक्कामापासून किती दूर आहे, हे पाहूनच सामान बांधावे लागते.

१८९६ साली एडिसन यांनी सांगितलेली अडचण अशा रीतीने पुष्कळशी ओसरली आहे. वीजघराच्या खुंट्याला बांधलेली दोरी काही मैलांची होती, ती आता काही शेकडा मैलांची झाली. पण दोरी आहेच. आणि रानात शिरणाऱ्याने तिची लांबी निघण्यापूर्वीच मोजून घेतलेली बरी.