मॅट्रिक्सची मेमरीतली मांडणी

७. लेखकाने ‘मॅट्रिक्स फोरट्रानकडे सोपवली’ एवढेच म्हटले आहे; खरी गोम त्या सोपवण्यातच आहे. संगणकाची मेमरी म्हणजे एकच लांबलचक ओळ. सी भाषा आणि पायथनची नमपाय लायब्ररी तिच्यात मॅट्रिक्स एकेका आडव्या ओळीने मांडतात, तर १९५७ साली आलेली फोरट्रान एकेका उभ्या स्तंभाने.

समजा, मॅट्रिक्स ३ ओळी आणि ४ स्तंभांची आहे, प्रत्येक आकडा ८ बाइटचा. नमपायच्या नेहमीच्या मांडणीत खालच्या ओळीत उतरायला ३२ बाइट ओलांडावे लागतात, शेजारच्या स्तंभात जायला ८. फोरट्रानमध्ये हेच अंतर अनुक्रमे ८ आणि २४. नमपाय ही अंतरे प्रत्येक मॅट्रिक्ससोबत नोंदवून ठेवते. त्यामुळे ट्रान्सपोज करताना एकही आकडा जागचा हलत नाही, बदलते ती फक्त नोंद. फार देखणी युक्ती!

फोरट्रानशी जोडून देणारे एफटूपाय मात्र मांडणी जुळली नाही, की केवळ वाचण्यासाठी दिलेल्या मॅट्रिक्सची गुपचूप प्रत काढते. १०,००० × १०,००० आकड्यांसाठी त्याला आणखी ८० कोटी बाइट लागतात. शिवाय फोरट्रानने त्या प्रतीत केलेले बदल पायथनपर्यंत पोहोचतच नाहीत. मॅट्रिक्स तयार करतानाच ऑर्डर ‘एफ’ दिली आणि आकड्यांचा प्रकारही जुळला, तर ही प्रत टळते.