दुनळीचा गंज, बफिंगचं चाक आणि १८७८ चा कायदा

आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक असलेल्या बऱ्याच जणांना ती जमा करावी लागते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका, चालूच असतं. बंदूक महिनोन्‌महिने पडून राहते आणि घरी येते तेव्हा नळ्यांवर तांबूस गंज. मग घरातला तरणा पोरगा म्हणतो, "द्या ना इकडे, ओळखीत बफ मारून आणतो, आरशासारखी होईल." रेल्वेचे लोखंडी पूल जिथं बनतात त्या मनमाडात लोखंड घासणाऱ्या हातांना काय तोटा! पण मंडळी, आजोबा-पणजोबांच्या दुनळीबाबत हे करू नका. का, ते जरा लांबून सांगतो.

मुळात आपल्या भागात बंदूक हे काही नवल नव्हतं. आपल्या डोक्यावरचा अंकाई किल्ला १८१८ साली इंग्रजांनी गोळी न झाडता घेतला, पण त्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी त्यांना चांगलंच झुंजवलं. १८५७ ला सिन्नरकडच्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी लेफ्टनंट हेन्री या पोलीस अधिकाऱ्याला मारलं. उठाव मोडल्यावर सरकारनं जिथं तिथं हत्यारं काढून घेतली. पुढं १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. देशी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट! काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले ते उगाच नाही. गंमत बघा, धोंड-मनमाड रेल्वेही १८७८ चीच. म्हणजे आपलं गाव जंक्शन झालं आणि शेतकऱ्याच्या बंदुकीला कागद लागला, दोन्ही एकाच साली.

त्यामुळे ज्या घरात जुनी दुनळी आणि तिचा परवाना पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तिथं तो मानाचा ऐवज असतो. त्यातल्या काही बंदुकांच्या नळ्या नीट बघितल्या तर गंजाखाली नागमोडी नक्षी दिसते. ही रंगवलेली नसते, ती लोखंडातच असते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळायच्या, तो पीळ दांड्याभोवती दोरासारखा गुंडाळायचा आणि ठोकून एकजीव करायचा. याला दमास्कस नळी म्हणतात. बेल्जियमचं लीज आणि इंग्लंडचं बर्मिंगहॅम ही तिची मोठी ठिकाणं. पण पट्टी तिरकी गुंडाळून विस्तवावर तिच्या कडा जोडायची रीत अबुल फझलनं 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या कारखान्यासंदर्भात नोंदवली आहे. तेव्हा हे सगळं साहेबाकडून आलं असं समजायचं कारण नाही.

आता या नळीला रंग कसा चढवतात? गंजानंच! नळी तेलाचा अंश राहणार नाही इतकी स्वच्छ करायची, सौम्य आम्लाचं द्रावण पातळ लावायचं, दमट पेटीत ठेवून बारीक गंज येऊ द्यायचा आणि तो तारेच्या मऊ ब्रशनं झाडायचा. पुन्हा द्रावण, पुन्हा गंज. असे कितीतरी हात. तपकिरी हवा तर इतकंच. काळा हवा तर दर वेळी नळी उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे तांबडा गंज काळा होतो. लोखंड आणि पोलाद रंग वेगवेगळा घेतात, म्हणून नक्षी उठून दिसते. पाणी शुद्धच लागतं, क्षारांचे डाग पडतात. (पाण्याचं मनमाडकरांना वेगळं काय सांगायचं!)

एवढी कटकट कशाला, कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवून तासाभरात काळी करू, असं कोणी म्हणेल. नव्या बंदुकीला ते चालतं. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथील-शिशाच्या डागानं जोडलेली असते. कॉस्टिक तो डागच खातं. आणि बफचं चाक तर धातूच खातं. नळी पातळ होते, पुढं कधी त्यात आजचं जोरदार काडतूस घातलं तर हात जायची वेळ. दमास्कस नळ्या बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या, हे विसरू नका.

पण सगळ्यात मोठी भानगड नंबराची. बफनं नळीवरचं कंपनीचं नाव आणि चाचणीचे शिक्के जातातच, नंबरही पुसट होतो. आणि परवान्यावर बंदुकीची ओळख तोच नंबर. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ सांगतं, नंबर किंवा ओळखखूण पुसणं गुन्हा आहे. खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ती पुसली असं धरलं जातं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. "साहेब, पोरानं बफ मारला" हे कुठं सांगत बसणार? बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, कलम ५. परवाना नसलेल्या बफवाल्याकडे ती ठेवून येणं हीच आधी भानगड.

आणखी एक गैरसमज कट्ट्यावर नेहमी ऐकतो: "शंभर वर्षं झाली, आता ती अँटिक, परवाना कशाला?" चुकीचं आहे. जुन्या वळणाच्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही उडू शकत नसेल तरच. तुमची दुनळी बार काढत असेल, तर ती पणजोबांची असली तरी बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनं तर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली.

माझं म्हणणं इतकंच, जमा करताना नंबर, नक्षी आणि गंजाची अवस्था दिसेल असे फोटो काढा, पावतीवर नंबर लिहून घ्या, देण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून पातळ तेल लावा. परत आल्यावर गंज असेल तर तेल आणि मऊ कापड, बस्स. पॉलिश पेपर नाही, लिंबू नाही, चिंच नाही. रंग पुन्हा चढवायचाच असेल तर परवानाधारक कारागीर गाठा आणि त्याला पहिला प्रश्न हा विचारा: नंबराच्या जागेवर हात कसा फिरवणार?

तुमच्या घरी अशी नक्षीची नळी असेल तर कमेंटमध्ये कळवा. फक्त फोटोत नंबर झाकून टाका.